पाऱ्याविना प्रकाश

आपल्या घरोघरची विजेची ट्यूब आता निरोप घेण्याच्या वाटेवर आहे. मिनामाता करारातील सदस्य राष्ट्रांची परिषद २०२३ साली जिनिव्हा येथे भरली होती. सर्वसाधारण प्रकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या पारायुक्त ट्यूबांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ सालापर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवावी, असे तीत ठरले. भारताने या करारास २०१८ साली मान्यता दिलेली असल्याने हा निर्णय आपल्याशीही निगडित आहे. जत्रेतील नाटकाचा रंगमंच आणि चतुर्थीचे मखर ज्या शुभ्र उजेडाने दोन-तीन पिढ्या उजळले, तो उजेड पाऱ्याच्या वाफेचा होता, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले असेल.

पाऱ्याला हे स्थान अकारण मिळाले नव्हते. तो अल्प उष्णतेने वायुरूप होतो. त्याच्या विरळ वाफेतून वीज खेळली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण विपुल प्रमाणात बाहेर पडतात, आणि काचेला आतून दिलेला चूर्णाचा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. काचेशी वा आतील तारांशी त्याचे वैर नाही. आपल्या रसशास्त्रकारांनी त्याला रसराज म्हटले; दीपनिर्मात्यांनीही त्याला दीर्घकाळ राजपदच दिले. नव्या ट्यूबेत तो जेमतेम पाच मिलिग्रॅम वा त्याहून कमी असतो. जुन्या, जाड ट्यूबांत मात्र कित्येक पट अधिक असे.

मग त्याची एवढी धास्ती का? करार ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, त्या जपानी किनाऱ्यावरील गावाची कथा आम्हां मत्स्याहारी लोकांनी विसरता कामा नये. तेथील एका रासायनिक कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडले. आधी गावातील मांजरे झिंगल्यासारखी नाचत मेली. मग कोळ्यांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी आणि वाचा गेली, गर्भातील बालकेही सुटली नाहीत. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. ती मासळी चवीला वा वासाला जराही वेगळी लागत नव्हती! पाण्यात पाऱ्याचे जे सेंद्रिय विष बनते ते लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते. म्हणूनच मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात ते बांगडा-तारलीपेक्षा अधिक आढळते. चार ट्यूबा फुटल्याने मांडवी-जुवारीचे मिनामाता होईल, असे आमचे म्हणणे नाही. परंतु पारा नष्ट होत नाही, तो केवळ स्थलांतर करतो.

पाऱ्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न मोठे मनोरंजक आहेत. झेनॉन वायू भरलेला दिवा निरुपद्रवी खरा; परंतु त्याचे अतिनील किरण अधिक तीव्र, आणि ते दृश्य प्रकाशात आणताना ऊर्जेचा मोठा अपव्यय होतो. मोटारींच्या पुढच्या दिव्यांत पाऱ्याच्या जागी जस्ताचे क्षार बरेच यशस्वी ठरले. सर्वांत चित्तवेधक प्रयोग गंधकाचा. गंधक धातूच्या तारा खाऊन टाकतो. म्हणून काचेच्या बंद गोळ्यातील गंधक बाहेरून सूक्ष्मतरंगांनी तापवावा लागे. १९९४ साली वॉशिंग्टनच्या वायुयान संग्रहालयात असे दिवे लावण्यात आले. प्रकाश जवळजवळ सूर्यासारखा. पण गोळा सतत फिरवावा लागे आणि यंत्रणाही अवजड. रसशाळेत पाऱ्याला बांधून ठेवणारा गंधक येथे त्याचे सिंहासन घेण्यास पुढे सरसावला, पण टिकला नाही.

शेवटी पाऱ्याला पदच्युत केले ते या मंडळींपैकी कोणीच नव्हे, तर वायूशिवाय प्रकाशणाऱ्या एलईडीने. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेखाली देशात असे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. घरातील प्रकाशापुरता हा प्रश्न सुटला. जंतुनाशक दिव्यांचा मात्र सुटलेला नाही. इस्पितळांत आणि घरगुती जलशुद्धियंत्रांत आजही बहुधा पाऱ्याचाच दिवा असतो, आणि त्याला करारात सूट आहे. क्रिप्टॉन-क्लोरीनचे दिवे किंवा अतिनील एलईडी तेथे येऊ लागले आहेत. संशोधनाचा पैसा आता या दिशेने वळविणे इष्ट होय.

आमची खरी चिंता वेगळीच आहे. नवा दिवा बसला, जुनी ट्यूब कोठे गेली? भंगारवाला ती घेत नाही, कारण तिला किंमत नाही. मग ती माडाच्या मुळाशी वा व्हाळात फेकली जाते, किंवा कचऱ्याबरोबर जाळली जाते. २०१६ च्या ई-कचरा नियमांनी हे दिवे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. परंतु ग्राहकाने ती ट्यूब द्यावी कोणाला, हे त्याला दुकानातही कळत नाही. चतुर्थीपूर्वी घराची साफसफाई होते तेव्हा माळ्यावरील निकामी ट्यूबा खाली येतात. पंचायतींनी आणि पालिकांनी निदान त्या पंधरवड्यात प्रत्येक प्रभागात स्वतंत्र पेटी ठेवावी, वीज खात्याने रस्त्यांवरून उतरविलेल्या दिव्यांचा हिशेब जाहीर करावा. आणि घरात ट्यूब फुटलीच, तर केरसुणी न फिरविता खिडक्या उघडाव्यात, तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलून झाकणाच्या बरणीत बंद करावेत. ती बरणीही त्याच पेटीत जावी.