निवाऱ्यात माणसे किती मावतात?

इंदूर-ग्वाल्हेरकडे पाट्यांवर दिसणारा 'रैनबसेरा' हा शब्द ऐकायला गोड आहे. रैन म्हणजे रात्र आणि बसेरा म्हणजे पाखरांनी रात्रीपुरते टेकण्याचे ठिकाण. पण शब्दातच एक अट दडलेली आहे : उजाडले की जागा सोडायची. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडच्या चौकातील एक तात्पुरता निवारा महानगरपालिकेने ऐन थंडीत हटवला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीसंबंधी आणि त्याच वर्षी मे महिन्यात देशातील ६२ मोठ्या शहरांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले : दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो वर्षभर, चोवीस तास उघडा हवा. 'रैन'ची अट कायद्यापुरती तरी संपली.

मात्र 'एक निवारा' म्हणजे किती माणसांची सोय, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत मिळते. लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची जागा, एका निवाऱ्यात साधारण ५० ते १०० जण आणि माणशी किमान ५० चौरस फूट. शिवाय पाणी, न्हाणीघर, शौचालय, उजेड, हवा, आग विझवण्याची व्यवस्था, प्रथमोपचाराची पेटी, अंथरुणांची धुलाई. पुरुष, स्त्रिया व कुटुंबे यांची वेगवेगळी सोय. या सूचनांप्रमाणे काम होते की नाही हे पाहण्यासाठी नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यावरून कागद आणि जमीन यांतले अंतर समजते.

सर्व नियमांचा गाभा माणशी ५० चौरस फुटांत आहे. समजा, एक सभागृह ५० फूट लांब व ३० फूट रुंद आहे. क्षेत्रफळ १५०० चौरस फूट. नियमाप्रमाणे तेथे ३० माणसे. आता तेच सभागृह चटया मोजून भरू. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशा चटया एका ओळीत २० बसतात. मध्ये सहा फुटांची वाट सोडली तरी चार ओळी सहज होतात, म्हणजे ८० माणसे. भिंती त्याच, छत तेच. एका हिशोबात क्षमता ३०, दुसऱ्यात ८०. एखाद्या शहराने 'आमच्याकडे इतक्या हजारांची सोय आहे' असे सांगितले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की ही संख्या जमीन मोजून काढली की चटया मोजून? दोन्ही आकडे खोटे नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे.

पन्नास फूट ही काही चैन नव्हे. रस्त्यावरच्या माणसाची सगळी मालमत्ता एका गाठोड्यात असते. ते उशाशी ठेवायला जागा नसेल तर तो रात्रभर जागतो किंवा पुन्हा फुटपाथवर जातो. अंधारात शौचालयाकडे जाणाऱ्याचा पाय दुसऱ्याच्या अंगावर पडला की भांडण होते, आणि निवाऱ्यातील पुष्कळशी भांडणे अशीच क्षुल्लक कारणाने पेटतात. क्षयरोगाचा धोका तर उघडच आहे. तो हवेतून पसरतो. बंद खिडक्यांच्या खोलीत, खोकणाऱ्याच्या तोंडाजवळ तोंड करून महिनोन्‌महिने झोपणे म्हणजे रोगाला आमंत्रणच. यावर एक बिनखर्ची उपाय आहे : शेजारच्या दोघांनी डोके व पाय उलटसुलट दिशेला करून झोपावे आणि खिडक्या समोरासमोर उघड्या असाव्यात. पण खिडकी उघडायची तर पांघरूण पुरेसे हवे. एक नियम पाळायला दुसरा पाळावा लागतो, तो असा.

आगीचा प्रश्न याहून बिकट आहे. चोरी होऊ नये, बाहेरचा कोणी शिरू नये म्हणून रात्री जाळीच्या दाराला कुलूप लावण्याची सवय अनेक संस्थांत असते. वसतिगृहे चालवणाऱ्यांना ती ठाऊक आहे. एकाच दारातून ३० माणसे बाहेर पडणे आणि ८० पडणे यांत फरक आहे, आणि दार आत उघडणारे असेल तर गर्दीच्या दाबाने ते उघडतच नाही. मोबाइल चार्ज करण्यासाठी एकाच खटक्यावर लोंबणाऱ्या दहा वायरी, थंडीतील शेगडी, विडी हे सगळे तेथे असतेच. टाळेबंदीत, ११ एप्रिल २०२० रोजी, दिल्लीत काश्मीरी गेटजवळ यमुनाकाठच्या निवाऱ्यांना वादानंतर आग लावली गेली. निवाऱ्याची सुरक्षितता विझवणाऱ्या लाल नळकांड्यावर थांबत नाही. उपाशी आणि कोंडलेल्या गर्दीचा तापही तिच्यात धरावा लागतो.

आकड्यांनी बांधलेले नियम कसे असतात हे न्यूयॉर्क शहरात दिसते. तेथे १९७९ मध्ये रॉबर्ट कॅलाहन या बेघर माणसाच्या नावाने खटला दाखल झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला, पण त्याआधीच कॅलाहन रस्त्यावर मरण पावला होता. हुकूमनाम्यात सहा माणसांमागे एक शौचालय, दहांमागे एक न्हाणी असे ठरले. राज्याच्या नियमांनी दोन खाटांत तीन फुटांचे अंतर मागितले. तरीही १९८०च्या दशकात फोर्ट वॉशिंग्टन येथील शस्त्रागाराच्या एका भल्यामोठ्या दालनात हजाराच्या आसपास पुरुष झोपत. १९९८च्या स्थानिक कायद्याने प्रौढांच्या निवाऱ्यावर २०० खाटांची कमाल मर्यादा घातली. एवढे करूनही २०२० मध्ये करोनाच्या वेळी सामायिक दालनांतील हजारो लोकांना हॉटेलांच्या खोल्यांत हलवावे लागलेच. कारण साथीच्या रोगापुढे तीन फूट अपुरे होते.

येथे मूळ पेच समोर येतो. थंडीच्या रात्री ३० जणांच्या सभागृहाच्या दारात एकतिसावा माणूस उभा राहिला तर काळजीवाहकाने काय करावे? नियम पाळला तर तो माणूस बाहेर काकडतो. मोडला तर आतल्या सर्वांचा धोका वाढतो. हा निर्णय त्या काळजीवाहकावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण तुटवडा त्याने निर्माण केलेला नाही. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात ९ लाख ३८ हजार ३४८ बेघर मोजले गेले. तेव्हाची शहरी लोकसंख्या सुमारे ३७ कोटी ७० लाख. लाखामागे १०० या हिशोबाने सर्वत्र निवारे उभे राहिले तरी जागा होतात ३ लाख ७७ हजार. म्हणजे किमान नियम पूर्ण पाळूनही मोजलेल्यांपैकी निम्मेदेखील आत येत नाहीत. बेळगावचा हिशोब करायचा तर ४ लाख ८८ हजार वस्तीमागे पाचेकशे जागा. जागा न वाढवता केवळ क्षमतेचा नियम कडक केला, तर निवारे सुटसुटीत होतील आणि पदपथ भरतील. दिल्लीत दर हिवाळ्यात, साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च, तात्पुरते तंबू उभारले जातात. त्यामागे हीच गरज असते. पण तंबूला आगीचे भय अधिक, हेही विसरता येत नाही.

म्हणून तपासणीच्या वेळी नोंदवहीत 'आज किती झोपले' याच्या शेजारी 'किती परत गेले' असा रकाना असणे आवश्यक वाटते. पहिल्या रकान्यावरून आतला धोका कळतो, दुसऱ्यावरून नव्या निवाऱ्याची मागणी करता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना मोजपट्टी देऊन काळजीवाहकाच्या परवानगीने एखाद्या निवाऱ्यात पाठवले तर लांबी, रुंदी, दारे, ती कोणत्या बाजूला उघडतात, शौचालये आणि रात्री नऊनंतर कुलूप कोणाच्या ताब्यात असते, एवढे तासाभरात लिहून होते. भागाकार वर्गात करता येईल.