तिथी आभाळात पाहायची की पोथीत?

तिथी जास्तीत जास्त किती घटकांची असू शकते, या एका प्रश्नावरून महाराष्ट्रातल्या शास्त्री-गणित्यांच्या दोन पिढ्या भांडल्या. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी सरते. चंद्राची चाल रोज सारखी नसते, म्हणून तिथी कधी लवकर सरते, कधी रेंगाळते. दिवसाच्या ६० घटका धरून जुने गणित सांगे, की तिथी फार तर ६५ घटकांची आणि कमीत कमी ५४ घटकांची. ‘बाणवृद्धी, रसक्षय’ हा नियम शास्त्र्यांच्या तोंडी बसलेला होता. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वेधांवर बेतलेल्या कोष्टकांनी चंद्र मांडून पाहिला, तेव्हा वाढ सात घटकांपर्यंत आणि घट दहा घटकांपर्यंत निघाली.

फरक लहान दिसतो, पण त्यावर एकादशीचा उपास आणि वडिलांचे श्राद्ध अवलंबून होते. कोणती तिथी सूर्योदयाला आहे, कोणती अपराह्णकाळी आहे, यावरून व्रताचा दिवस ठरतो. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२चा, पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९०चा. या ग्रंथांतले निर्णय जुन्या मर्यादा गृहीत धरून दिले आहेत, असे शास्त्र्यांचे म्हणणे. तिथी दहा घटकांनी आखडू लागली तर निर्णयांची सगळी घडी विस्कटेल. म्हणून त्यांनी तोडगा काढला: ग्रहण डोळ्यांना दिसते, ते प्रत्यक्ष आभाळाशी जुळणाऱ्या दृक्‌गणिताने करा, पण व्रताचे पुण्य डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी ऋषींनी सांगितलेले गणितच प्रमाण.

विज्ञान आणि धर्म यांच्या नात्याचा विषय निघाला की आपण १६३३ सालच्या रोमला जातो, गॅलिलिओ आणि त्याच्यापुढचे न्यायासन आठवतो. या दोहोंचे कायमचे युद्ध चालू आहे हे चित्र अमेरिकेत ड्रेपर यांच्या १८७४च्या आणि व्हाइट यांच्या १८९६च्या पुस्तकांनी रंगवले आणि जगभर पसरले. पुढच्या इतिहासकारांना ते फार ढोबळ वाटले. आपल्याकडच्या घडामोडींना तर ते मुळीच लागू पडत नाही. पृथ्वी गोल की सपाट, यावरून इथे ज्योतिष्यावर खटला भरल्याचे आढळत नाही. भांडण झाले ते काळ मोजण्यावरून, आणि दोन्ही बाजूंना स्नानसंध्या करणारी माणसे होती.

काळ मोजण्याची गरजही धर्मानेच निर्माण केली. यज्ञ ठरल्या वेळी व्हायचा तर अमावास्या-पौर्णिमा आधी कळायला हवी. वेदांग ज्योतिष त्यातूनच आले. आर्यभटाने ४९९च्या सुमारास ग्रहण सावलीमुळे होते हे स्वच्छ सांगितले आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते असेही म्हटले. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त राहू नाकारणाऱ्यांना श्रुती-स्मृतींचा दाखला देऊन फटकारले, आणि त्याच ग्रंथात ग्रहणाचे गणित मांडताना पृथ्वीच्या सावलीचा व्यास काढला! अल्-बिरुनीला हे वाचून कोडे पडले. एवढा मोठा गणिती असे का लिहितो? सॉक्रेटिसावर आली तशी पाळी येऊ नये म्हणून तर नव्हे, अशी शंका त्याने घेतली. मला ती पटत नाही. ब्रह्मगुप्ताला भीती वाटत असती तर सावलीचे गणित त्याने लपवले असते. ग्रहणात स्नान-दान करणाऱ्याला राहू पुरेसा होता आणि गणकाला सावली लागत होती. दोन्हींना त्याने आपापल्या जागी राहू दिले. ही सोय होती. तिची किंमत हजार वर्षांनी मोजावी लागली, कारण काशी-पुण्याच्या शास्त्र्यांचा दिसणाऱ्या गोष्टींचे एक गणित आणि न दिसणाऱ्यांचे दुसरे गणित हा तोडगा याच सोयीचा वंशज आहे.

भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ही सोयसुद्धा पाळली नाही. पृथ्वीला शेषाचा आधार म्हणाल तर शेषाला कोणाचा, त्या आधाराला पुन्हा कोणाचा? शेवटी कुठेतरी ‘हा स्वशक्तीने उभा आहे’ असे म्हणावेच लागणार, मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये, असा त्यांचा सरळ युक्तिवाद आहे. पुराणांना हा उघड छेद होता. तरी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला आणि यादवांच्या मांडलिकांनी १२०७च्या सुमारास त्याला दान दिले. तो शिलालेख भाऊ दाजींनी शोधून काढला. पाटणच्या रानातला हा लेख प्रत्येक मराठी माणसाने एकदा जाऊन पाहावा असे मला मनापासून वाटते.

पण या परंपरेचे खरे बळ वेधांत होते. केरळात परमेश्वराने दीर्घकाळ ग्रहणे पाहून १४३१ साली ‘दृग्गणित’ रचले. त्याच्या परंपरेतल्या नीलकंठाने ‘ज्योतिर्मीमांसे’त लिहिले की आकाशाशी पडताळा घेऊन सिद्धान्त दुरुस्त करणे हे गणकाचे कर्तव्यच आहे. कोकणात समुद्रकाठच्या नांदगावला केशव दैवज्ञ हेच करत होते. जुन्या ग्रंथांतून काढलेले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांत कुठे किती अंतर पडते, हे त्यांनी नोंदवून ठेवले आणि पुढच्या गणकांनीही वेध घेऊन दुरुस्ती करावी असे सांगितले. त्यांचा मुलगा गणेश. त्याने १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. सूर्यसिद्धान्ताच्या गणितात ज्या-चाप यांची किचकट आकडेमोड करावी लागे. गणेशाने ती पार काढून टाकली. गावच्या जोशालाही धुळपाटीवर ग्रह मांडता येऊ लागले. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात घरोघरचे पंचांग या ग्रंथावर चालू लागले.

आणि तिथेच ते साडेतीनशे वर्षे अडकून पडले. जुने आकडे आभाळाशी जुळेनात म्हणून जो ग्रंथ जन्माला आला, त्याचेच आकडे पुढे आर्ष, म्हणजे ऋषींचे, ठरले आणि त्याला हात लावणे पाप झाले. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत दुःखाची गोष्ट कोणती वाटत असेल तर ही. धर्मग्रंथाने इथे शास्त्राची वाट अडवली नव्हती. शास्त्राचाच ग्रंथ सोवळ्यात गेला होता.

ग्रहलाघवी पंचांगाचे दोष लवकर का लक्षात आले नाहीत, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लोक पंचांगाची परीक्षा करत ती ग्रहणावरून. ग्रहण दिलेल्या वेळेच्या आसपास लागले की पंचांग खरे. पण ग्रहणे होतात अमावास्या-पौर्णिमेलाच. चंद्राच्या गतीत सूर्याच्या ओढीने जे मोठे फरक पडतात, ते नेमके त्या दोन वेळी जुन्या गणितात आपोआप सामावून जातात आणि अष्टमीच्या सुमारास उघडे पडतात. त्यामुळे ग्रहण बरोबर यायचे आणि अष्टमीची तिथी मात्र चार-पाच तासांनीसुद्धा चुकायची. अष्टमीला आभाळाकडे नळी लावून बघणार कोण?

ओडिशातल्या खंडपडा संस्थानात असा एक माणूस होता. सामंत चंद्रशेखर, जन्म १८३५चा. इंग्रजी शिक्षण नाही, दुर्बीण नाही. बांबूच्या आणि लाकडाच्या, स्वतः केलेल्या यंत्रांनी त्यांनी वर्षानुवर्षे चंद्राचे वेध घेतले आणि जुन्या गणितात नसलेले तीन संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, स्वतंत्रपणे शोधून काढले. त्यांचा ‘सिद्धान्तदर्पण’ १८९९ साली छापून आला. पुरीच्या जगन्नाथ मंदिराने आपले उत्सव त्यांच्या गणिताने करायला सुरुवात केली. एवढे मोठे देऊळ जुने आकडे सोडून नवे घेते तेव्हा धर्म बुडत नाही, हे तिथे सिद्ध झाले.

महाराष्ट्रात वाट जास्त खडतर होती. १८३०च्या दशकात पाद्री पुराणांतला मेरू आणि दुधा-दह्याचे समुद्र दाखवून हिंदू धर्माची टर उडवत होते. त्याच काळात माळव्यात सिहोरला विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी आणि त्याच्या पदरचे सुबाजी बापू यांनी वेगळा मार्ग धरला. पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस यांची तुलना करणारे ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे सुबाजींचे मराठी पुस्तक १८३६ साली निघाले. पृथ्वी गोल आहे हे कळायला परधर्म स्वीकारावा लागत नाही, भास्कराचार्यांना ते ठाऊक होते, हा त्यातला मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे.

मग आले केरोनाना छत्रे. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेला, पुढे पुण्यात प्राध्यापक झालेला हा कोकणातला गणिती. १८६०मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली आणि १८६५पासून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नवे पंचांग काढले. लोक त्याला पटवर्धनी म्हणत; पुढे केरोनानांचे शिष्य लोकमान्य टिळक यांच्या नावाने ते ओळखले गेले. आकडे आभाळाशी जुळले, पण नवा तंटा उभा राहिला. राशिचक्र कोठून मोजायचे? केरोनानांनी रेवतीची अंधूक तारका आरंभ धरली. विजापूर-बागलकोटकडचे शिक्षक व्यंकटेश बापूजी केतकर म्हणाले, ठसठशीत चित्रा तारा धरून तिच्या समोरून मोजा. दोन आरंभांत सुमारे चार अंशांचा फरक. त्यामुळे टिळक पंचांगात संक्रांत चार दिवस आधी येते. ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो अधिक मास, म्हणून संक्रांती हलल्या की अधिक मासही वेगळा येऊ शकतो, आणि काही वर्षी एकाच गावात दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतराने होते. कोकणात हे अनेकांनी पाहिले आहे.

तिसरा पक्ष विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा. वेदांत महिने ऋतूंना बांधलेले आहेत, तारेला नाहीत. म्हणून दिवस-रात्र समान होतात त्या वसंतसंपातापासूनच मोजा, असे ते सांगत. त्यांनी असे संपातावर बेतलेले ‘सायन’ पंचांगही काढले. दीक्षित हे मुरूडचे, शाळामास्तर. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ निघाला. आणखी दोन वर्षांत ते गेले. या विषयावर इतका प्रामाणिक ग्रंथ मराठीत दुसरा नाही. स्वतःचा पक्ष सायन असूनही विरोधकांचे म्हणणे त्यांनी कुठेही मुरडले नाही.

१९०४ साली मुंबईत शंकराचार्यांच्या आश्रयाखाली सभा भरली, १९२०मध्ये सांगलीला संमेलन झाले. टिळक दोन्हींच्या मागे होते. एकमत झाले नाही, पण गणित दृक्‌प्रत्ययाशी जुळलेच पाहिजे हे हळूहळू मान्य झाले. नंतर सोलापूरच्या दाते पंचांगाने आणि १९७३पासून भिंतीवर आलेल्या ‘कालनिर्णय’ने ते घराघरांत नेले. आज उपास धरणाऱ्या आजींना बाणवृद्धी माहीत नाही. त्यांची एकादशी मात्र दृक्‌गणिताची असते.

युरोपलाही हेच दुखणे होते. ईस्टर वसंतसंपाताला बांधलेला, आणि संपात दहा दिवस मागे घसरलेला. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरायला लावले. जेझुइट गणिती क्लेव्हियसने त्या बदलाची बाजू लढवली. इंग्लंडला रोमचे ऐकायला १७५२ साल उजाडावे लागले. पोपला आज्ञा काढता आली, आपल्याकडे तसा एक अधिकार कोणाकडेच नाही.

स्वतंत्र भारताने १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सगळे वेदांत आहे म्हणणाऱ्यांवर कडाडून लिहिणारा हा शास्त्रज्ञ, आणि त्याच्या शेजारी नागपूरचे के. ल. दफ्तरी, ‘केसरी’चे ज. स. करंदीकर. देशात तीस पंचांगे चालतात असे समितीला आढळले. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने ऋतूंना जोडले गेले. सणांसाठी मात्र केतकरांचा चित्रा ताराच ठेवावा लागला. श्रद्धेला एवढे सांभाळूनही आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ तारीख ऐकण्यापलीकडे आपण ती वापरली नाही.

म्हणून मुख्य काम अजून शिल्लक आहे. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि आपण तिळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो. सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच दिवशी होते. दर ७२ वर्षांनी एक दिवस अंतर वाढते. चारशेहून थोड्या अधिक वर्षांत ते पूर्ण महिन्याचे होईल, आणि मग श्रावणातली व्रते श्रावणाच्या पावसापासून आणखी दूर जातील. लेले-दीक्षितांचा प्रश्न खरा होता आणि त्याला धर्माचाच आधार होता. पंचांगकर्ते, धर्मशास्त्री आणि खगोलशास्त्रज्ञ यांनी सांगलीसारखे संमेलन पुन्हा बोलवावे आणि या एकाच प्रश्नासाठी बसावे. अंतर २४ दिवसांचे आहे तोवर निर्णय सोपा आहे.