वारीतले अंथरूण

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर जाऊन आलेले अनेक वारकरी कंबर धरूनच माझ्याकडे येतात. लोणंद, तरडगाव, फलटण येथील मुक्कामी राहुटीत पावसाने ओलावलेल्या जमिनीवर झोपावे लागते. पांघरूण कितीही जाड असले तरी अंगाखालची जमीन उष्णता ओढून घेते. दबलेली गोधडी पुरेशी ऊब धरत नाही आणि भिजली तर लवकर वाळत नाही. म्हणून खाली मेणकापड, त्यावर सुमारे १० मिलिमीटर जाडीची फोमची चटई आणि वर गोधडी अंथरावी. कुशीवर झोपणाऱ्यांनी खुब्याखाली चादरीची घडी ठेवावी. निघण्यापूर्वी घरच्या फरशीवर एक-दोन रात्री असे झोपून पाहावे. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र अंथरुणाला दोष न देता ताबडतोब रुग्णालय गाठावे.