रॉचेस्टरहून पत्र : फरशी पुसणाऱ्या दोघी

रॉचेस्टरमधले म्हातारे मार्च महिन्याबद्दल बोलू लागले की विषय हमखास बोनसवर जातो. ऑन्टारियो सरोवराकडून बर्फ येतच असायचा, आणि त्यातच कोडॅकचा ‘वेज डिव्हिडंड’ हाती पडायचा. कंपनीचा संस्थापक जॉर्ज ईस्टमनने १९१२ साली सुरू केलेला हा नफ्यातला वाटा साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना मिळे. गावातले मोटारविक्रेते त्या दिवसावर डोळा ठेवून जाहिराती करत. आपल्या गिरणगावात दिवाळीच्या बोनसला जे व्हायचं तेच. १९८२ साली या एका गावात कोडॅकचे ६० हजारांवर नोकर होते.

त्याच सुमारास गेल इव्हान्स नावाची एक तरुणी कोडॅकमध्ये साफसफाईच्या कामाला होती. काम हलकं मानलं जाणारं, पण ती कंपनीच्या पटावर होती. भरपगारी रजा होती, बोनस होता, आणि कॉलेजच्या फीचे पैसे कंपनी परत करत असे. ती झाडत असलेली इमारत बंद झाली तेव्हा कंपनीने तिला फिल्म कापायच्या कामावर घेतलं. ती संगणकाचं शिक्षण घेते आहे हे मॅनेजरच्या कानावर गेलं, तशी स्प्रेडशीट कशी वापरायची हे इतरांना शिकवायची जबाबदारी तिच्यावर आली. १९८७ साली तिला पदवी मिळाली, मग अधिकारी वर्गातली जागा मिळाली, आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत ती कोडॅकची चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर झाली.

अमेरिकेला आवडावी अशीच ही गोष्ट. पण २०१७ साली न्यूयॉर्क टाइम्सने तिच्या शेजारी दुसरी गोष्ट मांडली, कॅलिफोर्नियात ॲपलच्या मुख्यालयात रात्री साफसफाई करणाऱ्या एका बाईची. महागाईचा हिशेब धरला तर दोघींचा ताशी पगार जवळजवळ सारखाच. म्हणजे नेहमीचं ‘पूर्वी पगार चांगले होते’ हे रडगाणं इथे लागू नाही. फरक असा, की ॲपलची फरशी पुसणारी ही बाई ॲपलची नव्हतीच, ठेकेदाराची होती. रजा घेतली की पगार बुडणार, म्हणून तिने वर्षानुवर्षं रजा घेतलेली नव्हती. फीचे पैसे मिळायचा प्रश्नच नव्हता. बढती एकच शक्य होती, टीम लीडरची, आणि तिने ताशी ५० सेंट वाढले असते.

कोडॅक बुडाली, २०१२ च्या जानेवारीत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रॉचेस्टरच्या दुर्दशेचं खापरही डिजिटल कॅमेऱ्यावर फुटतं. फिल्म गेली तशा नोकऱ्याही गेल्या, ते खरंच. पण ॲपल काही बुडालेली कंपनी नव्हे. पैसे वाहून चालले असतानाही तिला आपली फरशी आपल्या माणसांकडून पुसून घ्यायची नव्हती. गेल्या ४० वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सफाई, पहारा, कँटीन ही कामं अशीच बाहेर काढली. अरिंद्रजित दुबे आणि एथन कॅपलन या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हिशेब मांडला, की एवढ्यानेच सफाईवाल्यांची मजुरी ४ ते ७ टक्के घटते आणि पहारेकऱ्यांची ८ ते २४ टक्के. मला वाटतं, मजुरीपेक्षा मोठं नुकसान या आकड्यांत दिसतच नाही. ‘ही मुलगी शिकते आहे’ असं जाऊन सांगायला वरचा कोणी उरत नाही.

मी ज्या इमारतीत बसून लिहितो तिथे संध्याकाळी सहानंतर पोर्तो रिकोची एक पन्नाशीची बाई येते. ढकलगाडीवर निळं फडकं काचेसाठी, लाल संडासासाठी. दोन्हींची सरमिसळ तिला खपत नाही. गळ्यातल्या ओळखपत्राचा रंगही कर्मचाऱ्यांच्या रंगाहून वेगळा. इथलं आटोपलं की ती दुसऱ्या इमारतीत जाते. मी विचारलं, कॉलेजला का जात नाही? ती हसून म्हणाली, “माझा सुपरवायझरसुद्धा मला फोनवरच भेटतो. मी काय शिकते हे बघणार कोण?” शिवाय न्यूयॉर्क राज्याने २०१७ साली सरकारी कॉलेजांची फी माफ करणारी योजना काढली, तिच्यात वर्षाला ३० क्रेडिट पुरे करायची अट आहे. दोन पाळ्या करणाऱ्याने ती कशी पाळायची? अलीकडे २५ ते ५५ वयाच्यांसाठी वेगळी सवलत निघाली आहे, तीही मागणी असलेल्या ठरावीक विषयांपुरती.

तरी सल्ला ठरलेलाच, नवीन कौशल्य शिका, झटा. दिल्लीत जन्मलेले, लहानपणी इकडे आलेले हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिढ्यांची कमाई ताडून पाहिली. १९४० साली जन्मलेल्या अमेरिकनांपैकी सुमारे ९० टक्के लोक तिशीत आईबापांपेक्षा जास्त कमवत होते. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आलं. ४० वर्षांत देश आळशी झाला, असं कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. याच अभ्यासातला पुढचा हिशेब मला जास्त बोलका वाटतो. आर्थिक वाढ जुन्या वेगाने झाली असती पण वाटणी आजचीच राहिली असती, तर ५० चे ६२ टक्के झाले असते. वाढ आजच्याच वेगाची पण वाटणी जुनी असती, तर ८० टक्के.

कष्टाळू गरीब पोराच्या गोष्टींसाठी अमेरिकेत होरेशियो ॲल्जरचं नाव घेतात. त्याच्या ‘रॅगेड डिक’मधला बूटपॉलिशवाला पोरगा कष्टाळू आहेच, पण कचेरीतली नोकरी त्याला मिळते ती बोटीवरून पाण्यात पडलेल्या मुलाला वाचवल्यावर, त्या मुलाच्या श्रीमंत बापाकडून. गोष्टीतसुद्धा आतून कोणी तरी दार उघडावं लागलं.

कोडॅकला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. हा सगळा दिलदारपणा बराचसा युनियन बाहेर ठेवण्यासाठी होता, आणि युनियन कोडॅकमध्ये आलीही नाही. शिवाय हे दार काळ्यांना जवळजवळ बंद होतं. १९६४ च्या जुलैत इथे दंगल पेटली. त्यानंतर काळ्या वस्तीतल्या लोकांनी ‘फाइट’ ही संघटना बांधली. रेव्हरंड फ्रँकलिन फ्लॉरेन्स तिचे पुढारी, आणि शिकागोहून आलेले सॉल अलिन्स्की सल्लागार. १९६६ च्या डिसेंबरात ६०० जणांना कामावर घ्यायच्या करारावर कोडॅकच्या एका अधिकाऱ्याने सही केली, आणि कंपनीने लगोलग हात झटकले. मग ‘फाइट’ची माणसं थेट भागधारकांच्या सभेत जाऊन धडकली, तेव्हा कुठे १९६७ साली समेट झाला.

आज तसं धडकायचं म्हटलं तर कोणाच्या दारावर? ठेकेदाराच्या नोकराचा खरा मालक कोण, हा इथे कायद्याचा मुद्दा आहे आणि त्याचं उत्तर व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय त्यावर फिरतं. ओबामांच्या काळात, २०१५ साली, केंद्र सरकारच्या कामगार मंडळाने काम करवून घेणाऱ्या मोठ्या कंपनीलाही मालक धरायची वाट रुंद केली. ट्रम्प यांच्या काळात, २०२० साली, ती अरुंद झाली. बायडेन यांच्या काळात, २०२३ साली, पुन्हा रुंद करणारा नियम आला, तो अमलात येण्याआधीच २०२४ च्या मार्चमध्ये टेक्ससच्या एका न्यायालयाने रद्द ठरवला. त्यामुळे लागू राहिला तो २०२० चाच नियम.