एकच काडतूस, दोन बंदुका

बंदूक हा कामगार चळवळीतल्या माणसाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण बंदूकही यंत्रच. तीही कारागिराच्याच हातून घडते. म्हणून तिच्याकडे आम्ही त्या नजरेने पाहतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेपाशी दोन अर्धस्वयंचलित रायफली होत्या : गॅरंड आणि जॉन्सन. अर्धस्वयंचलित म्हणजे दर गोळीला चाप ओढावा लागतो. मात्र रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडून नवे आत येते. दोन्हींचे काडतूस एकच, १९०६ साली ठरलेले. फरक यंत्रात. गॅरंडमध्ये दारूचा वायू नळीखालच्या दट्ट्याला मागे रेटतो. जॉन्सनमध्ये धक्क्याने खुद्द नळीच मागे सरते. गॅरंडमध्ये ८ काडतुसांची जुडी एकदम भरायची. जॉन्सनमध्ये १० मावत, आणि मध्येच भरही घालता येई. पण तिच्या सरकत्या नळीला जड संगीन सोसत नसे.

१९४० साली लष्कराने गॅरंडच कायम ठेवली. ती १९३६ सालीच स्वीकारलेली होती. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात तिची यंत्रे मांडलेली होती, कामगारांचा हात बसलेला होता. युद्धकाळात अशा सुमारे ४० लाख रायफली निघाल्या.

मेल्विन जॉन्सन वकील होते. जॉन गॅरंड मात्र कापडगिरणीत झाडू मारता मारता यंत्रकाम शिकले. आपल्या शोधाचे हक्क त्यांनी सरकारला दिले. त्यांना १ लाख डॉलर द्यावेत, हे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये मंजूर झाले नाही.

बंदुकांची तुलना तज्ज्ञ करोत. आम्ही एवढेच विचारतो : घडविणाऱ्याच्या पदरात काय पडले?