संगणकाकडून बुद्धिबळ शिकताना

नाशिकचे विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाले. २०२३ साली त्यांनी ‘ग्रँड स्विस’ ही मानाची स्पर्धा जिंकली आणि २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात ते होते. पुढच्याच वर्षी नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी महिला विश्वचषक जिंकला. ही नावे निघाली की पेठ तालुक्यातील पालक साहजिकच विचारतात, आमच्या लेकरांना प्रशिक्षक कोठून मिळणार? शहरातील शिकवणीचे शुल्क पाहता प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर आज शाळेच्या संगणकात आहे.

१९९७ साली ‘डीप ब्लू’ने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले, तेव्हा त्यासाठी कपाटांएवढा महासंगणक लागला होता. आज त्याहून बलवान ‘स्टॉकफिश’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते, साध्या मोबाइलवर चालते आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटही लागत नाही. पावसाळ्यात इकडच्या नेटवर्कची जी अवस्था होते ती जाणणाऱ्यांस याचे मोल सांगावयास नको. विद्येच्या दारावर पहारेकरी बसविणाऱ्या या देशात, ग्रँडमास्टर ज्या आज्ञावलीला प्रश्न विचारतो तिलाच पाड्यावरची मुलगी विचारू शकते, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु यंत्र उत्तर देते ते आकड्यात. +१ म्हणजे पांढरी बाजू साधारण एका प्याद्याने सरस, उणे चिन्ह म्हणजे काळ्याची सरशी, ०.०० म्हणजे समतोल. चाल चुकली हे आकडा सांगतो, का चुकली ते सांगत नाही. +०.३ चे +०.१ झाले म्हणून हळहळू नये. आकडा एकदम दोन-तीनने कोसळला, तर मात्र तेथे थांबावे.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की डाव सावकाश खेळा, प्रत्येक चाल वहीत लिहा आणि डाव संपताच यंत्राकडे धावू नका. आधी प्रतिस्पर्ध्याशेजारी बसून चूक कोठे झाली असे वाटते ते नोंदवा. मग यंत्र उघडा. तुमची नोंद आणि यंत्राचा आकडा जेथे जुळत नाहीत, तेथेच अभ्यासाची जागा आहे. यंत्राची चाल पटली नाही तर आपलीच चाल पटावर खेळून त्याचे उत्तर पाहावे. बहुधा तीन-चार चालींत कारण उघडे पडते. केवळ परंपरा आहे किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले; यंत्र त्याला अपवाद नाही.

सर्वाधिक लाभ होतो तो अंतिम डावात. एका बाजूला राजा आणि प्यादे, दुसरीकडे एकटा राजा, एवढीच स्थिती मांडावी आणि यंत्राविरुद्ध खेळावी. नवखा मुलगा घाईने प्यादेच पुढे ढकलतो आणि जिंकलेला डाव ०.०० वर येतो. राजाने प्याद्याच्या पुढे चालून वाट मोकळी करावयाची असते. (अगदी कडेचे प्यादे असेल तर मात्र तेवढ्यानेही भागत नाही.) यंत्र बचावात चुकत नाही, म्हणून पाच-सहा वेळा बरोबरी झाली की हे तत्त्व अंगात मुरते. याउलट, सुरुवातीच्या वीस-वीस चाली पाठ करणे आम्हांस व्यर्थ श्रम वाटतात. समोरच्याने चौथीच चाल वेगळी केली की पाठांतर संपले.

चालू डावात यंत्राला विचारणे मात्र सरळ फसवणूक आहे. न दिलेले न घेणे हे पंचशीलातील दुसरे शील आहे, आणि यंत्राची चाल तुम्हांला कोणी दिलेली नसते. ब्रह्मजाल सुत्तात आठ घरांच्या पटावरील खेळ श्रमणांस वर्ज्य सांगितला आहे, याची आठवण कोणी करून देईल. आमचे विद्यार्थी श्रमण नाहीत, आणि त्या काळी चतुरंग होता असा पुरावाही नाही.

उरलेले अर्धे उत्तर माणसांकडे आहे. यंत्र स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरत नाही, की दोन दिवसांच्या स्पर्धेसाठी नाशिकमध्ये मुक्कामाची सोय करीत नाही. शहरात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरी दोन मुलांना दोन रात्री ठेवून घेतले, तरी पुढल्या हंगामात आमची मुले अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर बसतील. वापरात नसलेला मोबाइलही शाळेस चालेल.