बुडाची निशाणी शेवटी वाचावी

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या रस्त्याला लागलं की वाटेत गोविंदपुरम् येतं. बोधेंद्र सरस्वतींचं अधिष्ठान इथे आहे. विठ्ठल-रुक्मिणीचं मंदिरही आहे, आणि त्याचं शिखर तमिळ वळणाचं नाही, आपल्या पंढरीच्या वळणाचं आहे. पश्चिमेला तंजावर, व्यंकोजीराजांच्या वंशाचं. पूर्वेला समुद्राकाठी तरंगमबाडी, १६२० ते १८४५ डेन्मार्ककरांचं ठाणं. दक्षिणेला चेट्टिनाड, जिथल्या व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशापर्यंत पैसा कमावला आणि वाड्यांसाठी युरोपातून आरसे, फरशा, झुंबरं आणली. युरोपी चिनी मातीची वस्तू या मुलखात यायला वाटा कमी नव्हत्या. या भागातल्या एखाद्या मराठी घराच्या फडताळात निळ्या फुलांची बशी किंवा सोनेरी काठाचा कप निघाला, तर तो कुठल्या कारखान्याचा आणि कधीचा हे सांगणारी एक विद्या आहे. ती शिकण्याजोगी आहे, आणि आपल्याकडे ती फारच थोड्यांना येते.

घरचा माणूस वस्तू हातात येताच ती उलटी करतो आणि बुडावरची निशाणी बघतो. जाणकार मात्र निशाणी शेवटी बघतो. कारण एका कारखान्याची निशाणी दुसऱ्याने उचलणं हे या धंद्यात अडीचशे वर्षं चालत आलेलं आहे. माती, झिलई, रंग आणि सोनं यांची नक्कल करणं त्याहून पुष्कळ अवघड.

पहिला प्रश्न, वस्तू चीनची की युरोपची? युरोपी घाटाची आणि युरोपी घराण्यांची चिन्हं असलेली भांडीही चीनमध्ये बनत आणि कंपन्यांच्या जहाजांतून जात, त्यामुळे नुसत्या आकारावरून निर्णय होत नाही. चिनी भांड्याची झिलई बऱ्याचदा निळसर-करडी असते. बुडाच्या कडीवर, जिथे झिलई संपते तिथे, पुष्कळदा तांबूस रेघ दिसते.

दुसरा प्रश्न मातीचा. चीनचं पांढरंशुभ्र, उजेड आरपार जाणारं भांडं कसं बनतं हे युरोपला कित्येक शतकं उमगलं नव्हतं. सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाने सोनं बनवण्याचा दावा करणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुणाला कैदेत ठेवलं होतं. चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या सोबतीने त्याने १७०८ च्या सुमारास हे कोडं सोडवलं, आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला. तिथली माती केओलिन या पांढऱ्या खनिजाची, सुमारे १४०० अंशांवर भाजलेली. तिला कठीण माती म्हणतात. फ्रान्सला केओलिन १७६८ मध्ये लिमोझँ भागात सापडलं. तोवर तिथले कारखाने काचेची भुकटी मिसळलेली मऊ माती वापरत. इंग्रजांनी तिसरी वाट काढली. त्यांनी मातीत जवळजवळ निम्मी हाडांची राख घातली, आणि १८०० च्या आसपास स्पोडच्या कारखान्याने त्या मिश्रणाला घडी बसवून दिली. टवका उडालेली जागा भिंगाखाली धरली तर हा इतिहास डोळ्यांना दिसतो. कठीण माती काचेसारखी गुळगुळीत फुटते, मऊ मातीचा पोत साखरेच्या खड्यासारखा रवाळ दिसतो. म्हणून फुटकी बशी फेकू नये. तिच्याजवळ सांगण्यासारखं जास्त असतं.

रंगावरून आणि सोन्यावरून काळ कळतो. क्रोमियमचा अपारदर्शक हिरवा एकोणिसाव्या शतकाच्या आधी मिळतच नव्हता. भांडं १७७० चं म्हणून पुढे आलं आणि पानं त्या हिरव्याने रंगवलेली असली, की बोलणं तिथेच संपतं. जुन्या पद्धतीत सोनं मधात घोटून लावत. ते जाडसर आणि मऊ तेजाचं असतं, बोटाला किंचित उंच लागतं. १८३० च्या सुमारास माइसेनमध्ये हाइनरिश क्यून याने द्रवरूप चकचकीत सोनं काढलं. ते भट्टीतूनच झळकत बाहेर येतं, पण थर इतका पातळ की कपाच्या कानावरचं सोनं वापराने पुसून जातं. चित्र हाताने काढलेलं की छापाचं, हेही भिंग सांगतं. शिळाछापाच्या कागदावरून उतरवलेलं चित्र असेल तर रंगाच्या जागी ठिपक्यांची रांगोळी दिसते.

आता निशाणी. माइसेनच्या एकमेकींवरून गेलेल्या दोन निळ्या तलवारी १७२२-२३ पासूनच्या. त्या झिलईखाली, हाताने काढलेल्या असतात, म्हणून कुठल्याही दोन जोड्या हुबेहूब सारख्या नसतात. नख फिरवून बघा, खाली काही लागता कामा नये. मुठींच्या मधे ठिपका असेल तर १७६३ ते १७७४, तारा असेल तर १७७४ पासून पुढे १८१४ पर्यंतचा, कारखान्याचा संचालक मार्कोलिनी याचा काळ. तलवारींवर आडवे ओरखडे मारलेले असले तर माल दुय्यम ठरवून विकलेला. पॅरिसचा साम्साँ अशा तलवारी आणि इतर कारखान्यांची चिन्हं सर्रास वापरी. ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फझोन हिच्या कारखान्यात राजाच्या नावाची आद्याक्षरं आपल्या मालावर घातली जात, आणि ती माइसेनने कोर्टात जाऊन थांबवली. त्यामुळे आद्याक्षरं दिसली म्हणजे ऑगस्ट राजाची वस्तू, असं समजून चालत नाही.

फ्रान्सच्या सेव्ह्र कारखान्याची निशाणी गुंतवलेल्या दोन एल अक्षरांची, मधे वर्षाचं अक्षर. ए म्हणजे १७५३, एए म्हणजे १७७८. टिपू सुलतानाचे वकील १७८८ मध्ये पॅरिसला गेले, तेव्हा सोळाव्या लुईने त्यांच्याकरवी सेव्ह्रची भांडी भेट पाठवली, म्हणजे दक्षिणेतल्या दरबारापर्यंत ही अक्षरं पोचली होती. व्हिएन्नाच्या कारखान्याची ढाल लोक उलटी धरून मधमाश्यांचं पोळं समजतात. १७८३ नंतर तिच्यासोबत वर्षाचे शेवटचे दोन, आणि १८०० पासून शेवटचे तीन आकडे मातीत ठोकलेले असतात, ८०१ म्हणजे १८०१. तो कारखाना १८६४ मध्ये बंद पडला, म्हणून पुढच्या काळातली ‘व्हिएन्ना’ दुसऱ्या कुणाची. कोपनहेगनच्या १७७५ च्या कारखान्याच्या तीन निळ्या लाटा म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुनी. इंग्रजी भांड्यांवर १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीचा चौकोनी हिरा सापडतो. त्याच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून वर्ष काढता येतं. १८८४ पासून हिरा गेला आणि क्रमांक आला.

आपल्या कामाची सर्वांत मोठी खूण मात्र देशाचं नाव. अमेरिकेने १८९१ पासून परदेशी मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. त्याआधी १८८७ मध्ये इंग्लंडने आणि १८८९ मध्ये हिंदुस्थान सरकारने खोट्या खुणांविरुद्ध कायदे केले. म्हणून बुडावर ‘जर्मनी’ वा ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर वस्तू बहुधा १८९० नंतरची. नाव नाही म्हणून मात्र ती जुनी ठरत नाही.

चेट्टिनाडच्या वाड्यांत आणि कारैकुडीच्या जुन्या बाजारात सापडणाऱ्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चिनी मातीच्या मूर्ती याच काळातल्या. चित्रकार रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. त्या छापील चित्रांतल्या देवी घराघरांत पोचल्या, आणि त्या धर्तीच्या मूर्ती जर्मन कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी ओतल्या. अशी लक्ष्मी हातात आली तर बुडाकडे बघा. मूर्ती आतून पोकळ असते, भट्टीतली वाफ बाहेर जावी म्हणून ठेवलेलं भोक दिसतं. साडीच्या काठाचं सोनं पातळ, चकचकीत. माझ्या मते तिची किंमत जर्मन शिक्क्यात नाही. मळवलीचा छापखाना, जर्मन भट्टी आणि तमिळ वाडा एका मूर्तीत एकत्र आले, यात आहे, आणि युरोपातल्या कुठल्याही कॅटलॉगला ती किंमत पुरती कळणार नाही.

तुमच्या घरात अशी वस्तू असेल तर काही गोष्टी आजच करा. सोनेरी काठ पावडर लावून घासू नका, ब्लीचमध्ये बुडवू नका, चीर स्वतः डिंकाने जोडू नका. बुडाचा, कडेचा आणि टवका उडालेल्या जागेचा फोटो दिवसाच्या उजेडात घ्या. आणि ती वस्तू घरात कुणी, कुठून, कुठल्या लग्नात वा कुठल्या बदलीच्या गावाहून आणली, हे घरातल्या थोरांना विचारून कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा. कारखाना आणि वर्ष जाणकार पुढेमागे ओळखेल, पण ही माहिती त्याला बुडावर मिळणार नाही.